मायभूमीबाहेरचे ग्रीक

ग्रीक साहित्य म्हटले की अथेन्स नगरी डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु या साहित्यातील कितीतरी थोर नावे आजच्या ग्रीसच्या सीमेबाहेरची आहेत. इतिहासाचा जनक हिरोडोटस जन्मला तो आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम येथे. १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा कवी सेफेरिस हाही स्मर्ना परिसरातला, म्हणजे तुर्की भूमीवरचाच.

या मालिकेतील आम्हांस विशेष जवळचा वाटणारा कवी म्हणजे कॉन्स्टंटाइन कवाफी. २९ एप्रिल १८६३ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी, मूळच्या इस्तंबूलकडील ग्रीक व्यापारी घराण्यात तो जन्मला. वडील लवकर वारले. बालपणीची काही वर्षे इंग्लंडात गेली. त्याच्या ग्रीक बोलण्याला किंचित इंग्रजी वळण होते, असे सांगतात. पुढे पाटबंधारे खात्यात सुमारे ३० वर्षे त्याने कारकुनी केली. कविता मात्र तो ग्रीक भाषेतच लिही, सुट्या कागदांवर छापवून घेई आणि स्नेह्यांना वाटी. २९ एप्रिल १९३३ रोजी, सत्तराव्या वाढदिवशीच, तो निवर्तला. त्याचा संग्रह निघाला तो १९३५ साली.

१९०६ सालच्या एका कवितेत त्याने दक्षिण इटलीतील पोसायडोनिया या ग्रीक वसाहतीची हकिगत घेतली आहे. अथीनियस या प्राचीन ग्रंथकाराने ती नोंदवून ठेविली होती. परक्यांत मिसळता मिसळता तेथील ग्रीक आपली भाषा विसरले. उरला केवळ एक वार्षिक उत्सव. त्या दिवशी ते एकत्र जमत, जुनी नावे व चालीरीती आठवत आणि अश्रू ढाळून घरोघर परतत. ही कविता कवाफीने हयातीत प्रसिद्ध केली नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी घरांनी ही हकिगत मनात घोळवावी. आपल्याकडे गणेशोत्सव थाटात होतो, कोजागिरीला दूध आटते, हे समाधानाचेच. पण पोसायडोनियातही शेवटपर्यंत टिकला तो उत्सवच! दरम्यान घरातली भाषा केव्हा गेली, हे कोणास कळलेही नसेल.

अलेक्झांड्रियातील बहुसंख्य ग्रीक कुटुंबे १९५० नंतरच्या दशकांत ते शहर सोडून गेली. कवाफीच्या कविता मात्र आजही जगभर वाचल्या जातात. कचेरीतून परतल्यावर हाती लेखणी घेऊन त्याने आपली भाषा राखली. आपल्या घरी तेवढे न साधले, तरी आजोळी धाडायचे पत्र आणि रात्री मुलांना सांगायची गोष्ट मराठीतून असावी, एवढे तर आपल्या हाती खासच आहे.