चार वेशींचं कारंजा

भाऊबिजेला नागपूरला निघालो होतो. समृद्धी महामार्गावर गाडी लागली की गावं दिसत नाहीत, नुसत्या पाट्या मागे पडतात. 'कारंजा लाड' ही पाटी आली आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गुरुचरित्रातलं कारंजे हेच ना रे? मग दर्शन न घेता कसं जायचं?" तासाभरासाठी खाली उतरलो, परत रस्त्याला लागलो तेव्हा चार वाजून गेले होते.

वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी मला ते पहिल्यापासून बंदरासारखंच वाटलं. जुन्या गावाला चार वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. कुठला माल कुठून आत येई आणि कुठे जाई, ते या नावांतच आलं. 'लाड' हे नावही बाहेरून आलेलं. लाट म्हणजे दक्षिण गुजरात. तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे पेढ्या थाटल्या. ही पेठ इतकी भरली की 1670 मध्ये सुरतेची दुसरी लूट झाल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच हंगामात कारंजाकडे मोर्चा वळवला. चार हजार बैल आणि गाढवांवर लूट लादून नेली, असं इतिहासकार लिहितात.

गुरुमंदिरात, गुरुचरित्रातल्या नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, आई डोळे मिटून बसली. हे बाळ जन्मल्यापासून फक्त ॐकार उच्चारायचं, मुंज लागल्यावर वेद बोलू लागलं, ही कथा तिने मला लहानपणी कितीदा सांगितली असेल. तिला तिथे बसवून मी जैन मंदिरांकडे गेलो.

खरं सांगायचं तर माझं मन तिथेच गुंतलं. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरं या एका गावात आहेत. भट्टारकांनी, म्हणजे या परंपरांच्या धर्मगुरूंनी, इथे पोथ्या जमवल्या, नकलून घेतल्या आणि शतकानुशतकं सांभाळल्या. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी त्या उजेडात आणल्या. त्या पोथ्यांतलाच एक दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत; तो मान्यखेटला राष्ट्रकूटांच्या राजधानीत बसून अपभ्रंशात लिहीत होता. त्याचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि 1931 मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत ते छापून आलं. मराठीचं आजोळ शोधायचं तर अपभ्रंशापाशी जावंच लागतं, आणि त्या वाटेवर कारंजाचा मुक्काम चुकत नाही. एवढ्या मोठ्या ठेव्याबद्दल शाळेत मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट मात्र गावात कुणीही सांगतं. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी आला. एवढा माल घेणार कोण? इथल्या लेकुर संघवींनी सगळाच घेतला आणि हवेलीच्या चालू बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकला. दंतकथाच ही, पण सांगणारा बोलता बोलता भिंतीला नाक लावून दाखवतो.

परतताना स्टेशनाकडे वळलो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची लाइन, लोकांची 'शकुंतला', किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने टाकली ती वऱ्हाडातल्या कापसासाठी. कापूस मुंबईला, तिथून बोटीने मँचेस्टरला. हिचं वाफेचं इंजिनही 1921 मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं, ते 1994 पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे. रुळांमध्ये गुडघाभर गवत वाढलंय आणि शेजारच्या रस्त्याने जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतला कापूस उडून त्या गवताला चिकटलाय.

आईने खाली वाकून त्यातला एक पुंजका उचलला आणि वातीसाठी पदराच्या टोकाला बांधला. तिथे उभा असलेला एक ऑटोवाला बघत होता. म्हणाला, "शकुंतला चालू होती तवा माही माय इथूनच मूर्तिजापूरले जाये, मावशी. वाटंत उतरून बोरं तोडे, अन् पयत येऊन तीच गाडी पकडे."