कॉलेजच्या आवारांतील पाणी आणि यंत्रविद्या

यंत्रविद्या हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मोठाले कारखाने आणि उंच धुराडीं उभीं राहतात. अलीकडच्या पिढीला त्याच शब्दानें संगणक आठवतो. परंतु या विद्येचा मूळ अर्थ याहून साधा आहे. जें काम रोज करावें लागतें आणि ज्यांत माणसांचा वेळ व श्रम खर्ची पडतात, तें निसर्गाच्या एखाद्या नियमाकडून करवून घेणें म्हणजे यंत्रविद्या. या दृष्टीनें पाहतां कॉलेजचें आवार हें तिच्या अभ्यासाचें उत्तम क्षेत्र होय. जेथें पांचशें मुलें-मुली रोज एकत्र येतात, तेथें पिण्याच्या पाण्याचा प्रश्न रोज सकाळीं नव्यानें उभा राहतो. पाणी संपलें कीं दुपारचे वर्ग ओस पडूं लागतात. आणि दूरच्या वाडीवरून आलेली मुलगी तहान मारून शेवटच्या तासाची वाट पाहत बसते. विद्येच्या आड येणारी ही अडचण लहान म्हणतां येणार नाहीं.

अशा अडचणी आपल्या पूर्वजांनाही होत्या, आणि त्यांपैकीं एकीचा परिहार त्यांनीं किती चातुर्यानें केला, याची साक्ष छत्रपती संभाजीनगर शहरांत आजही उभी आहे. तिचें नांव पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारांत मशीद, मदरसा आणि सराई होती. शिष्य व यात्रेकरू यांची तेथें सदा वर्दळ असे. इतक्या माणसांच्या भाकरीसाठीं रोज दळण कोणी दळावें? हें काम मोगल काळाच्या उत्तरार्धांत तेथें पाण्याकडे सोंपविण्यांत आलें.

हर्सूलच्या बाजूनें कांहीं किलोमीटर अंतरावरून मातीच्या नळांतून पाणी आणलेलें आहे. नळ फुटूं नयेत म्हणून त्यांच्याभोंवतीं चुन्याचें पक्कें बांधकाम आहे. वाटेंत नदीचें पात्र लागतें. तेथें नळ खालीं उतरतो व पलीकडे पुन्हां वर चढतो. बंद नळांतलें पाणी वाटेंत कितीही खालीं गेलें, तरी पुढें तें आपल्या उगमाच्या पातळीच्या जवळपास चढतें, हा तो नियम. या नियमानें उंचावर चढलेलें पाणी एकदम खालीं सोडलें, कीं त्याच्या पडण्याच्या जोरानें पातीं फिरतात आणि त्यांच्याबरोबर जात्याचा दगडही फिरतो. ना बैल, ना कोळसा. पुढें तेंच पाणी मोठ्या हौदांत सांठतें. आणि हा हौद खालच्या दालनाचें छप्पर असल्यामुळें तें दालन भर उन्हाळ्यांतही थंड राहतें. एकाच पाण्यानें दळणही झालें आणि गारवाही मिळाला!

यांतील बोध लक्षांत घेण्यासारखा आहे. योजना करणाऱ्यानें आधीं गरज पाहिली, मग त्या ठिकाणीं काय उपलब्ध आहे तें पाहिलें, आणि शेवटीं यंत्र उभें केलें. आज पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा होतो. यंत्र प्रथम येतें, त्याच्यासाठीं काम मागाहून शोधलें जातें, आणि दोन वर्षांनीं तें गंजून कोपऱ्यांत पडतें.

ही जुन्या काळची गोष्ट झाली. परंतु योग्य क्रमानें चालणारें विद्यास्थान अलीकडच्या काळांतही महाराष्ट्रांत उभें राहिलें आहे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ या कोरडवाहू गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रमाची स्थापना केली. गांवाच्या रोजच्या अडचणी सोडवितां सोडवितां मुलांनीं विज्ञान शिकावें, हें त्यांच्या शिक्षणाचें सूत्र. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून थोड्या सामानांत मजबूत घुमट कसा उभारावा, हें तेथील विद्यार्थी हातानें करून शिकतात. जमिनींत लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतून वीज सोडावयाची व ती किती अडते हें मोजून खडकांतील पाण्याचा अंदाज बांधावयाचा, हेंही तेथें शिकविलें गेलें. ओलसर थरांतून वीज सुलभतेनें जाते, कोरड्या खडकांतून ती अडते. एवढ्या एका नियमावर ही परीक्षा आधारलेली आहे. २००२ सालीं अमेरिकेंतील एम्.आय्.टी. या विख्यात संस्थेच्या सहकार्यानें तेथें ‘फॅब लॅब’ नांवाची नव्या धर्तीची कर्मशाळा सुरू झाली. संगणकावर आंखलेली वस्तु यंत्राकडून हुबेहुब कातून घेण्याची सोय अशा कर्मशाळेंत असते. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले; संस्था मात्र पुढें चालू राहिली.

आतां हाच क्रम पाचोडसारख्या गांवच्या कॉलेजला लावून पाहूं. पाचोड हें पैठण तालुक्यांतील, संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गांव. मोसंबीच्या बागांसाठीं हा मुलूख प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या ठिकाणीं, पैठणजवळ, गोदावरीवर जायकवाडीचें विशाल धरण १९७६ सालीं पुरें झालें. तरीही पावसानें पाठ फिरविली म्हणजे याच तालुक्यांतील कित्येक गांवांना टँकरची वाट पाहावी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळांत या भागांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हां येथें पहिली गरज कोणती, हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं.

आणि उपलब्ध काय? छप्पर आणि पाऊस. हिशेब अगदीं प्राथमिक शाळेंतला आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. कॉलेजच्या इमारतीचें छप्पर ५०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर ३,००,००० लिटर पाणी त्या छपरावर पडतें. उडून गेलेलें व सांडलेलें पांचवा हिस्सा वजा केलें, तरी २,४०,००० लिटर हातीं राहतें. पांचशें विद्यार्थ्यांना प्रत्येकीं २ लिटर याप्रमाणें रोज १,००० लिटर पिण्याचें पाणी लागेल. म्हणजे २४० दिवसांची बेगमी झाली! पाऊस निम्माच झाला, तरी १२० दिवसांची.

या आंकड्याचें मोल समजण्यास एक आठवण पुरे आहे. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें, तेव्हां मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर अंतर तोडून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या पहिल्या गाडींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. एका मध्यम कॉलेजच्या छपरावरून वाहून जाणारें पाणी त्या गाडीच्या जवळजवळ निम्मे भरतें.

तें धरून ठेवण्याची कृतीही अवघड नाहीं. छपराच्या पन्हळी नळानें एकत्र कराव्या. पहिल्या पावसाबरोबर धूळ व पांखरांची घाण येते. म्हणून आरंभींचें पाणी बाहेर सोडण्यास निराळी तोटी असावी. पुढचें पाणी खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून टाकींत घ्यावें. टाकी झांकलेली असावी. उजेड आंत गेला कीं शेवाळ धरतें, आणि फट राहिली कीं डांस अंडीं घालतात. पिण्यापूर्वीं पाण्याची तपासणी करून त्यांत क्लोरीनचें औषध योग्य प्रमाणांत घालावें. सबंध वर्षाचा सांठा एकदम करण्याइतकी मोठी टाकी खर्चाची वाटेल. तर ५०,००० लिटरांची बांधावी. तेवढ्यानें ऐन उन्हाळ्याचे ५० दिवस निभावतात.

सांठविलेलें पाणी राखणें हें दुसरें काम. गच्चीवरची टाकी भरून वाहत असते आणि खालीं मोटार चालूच असते, हें दृश्य सर्वांच्या परिचयाचें आहे. टाकींत तरंगता गोळा बसवून तो मोटारीच्या कळीला जोडला, कीं पाणी वर येतांच मोटार आपोआप थांबते. आतां तर पाण्याची पातळी शिपायाच्या मोबाइलवर दिसण्याचीही सोय होते. परंतु सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे लोटा आणि घड्याळ! गळक्या नळाखालीं एक लिटरचा लोटा ठेवावा. तो दहा मिनिटांत भरला, तर त्या एका नळानें दिवसाला १४४ लिटर, म्हणजे ७२ विद्यार्थ्यांचें पिण्याचें पाणी वायां जातें. विज्ञानाच्या वर्गानें आवारांतील प्रत्येक नळाची अशी मोजणी करून ती फळ्यावर मांडली, तर प्लंबरला बोलावणें कोणासही जड जाणार नाहीं.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. पाणचक्कीचा नळ जसा बांधणारांमुळें उभा राहिला, तसा तो वेळोवेळीं गाळ काढणारांमुळें वाहता राहिला. कॉलेजांत मुलें दर तीन वर्षांनीं बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात. म्हणून कोणत्याही योजनेबरोबर तिची राखण कोणी करावी, हें लिहून ठेवलें पाहिजे. मृगापूर्वीं पन्हळी कोणी झाडाव्या, वाळू कोणी धुवावी, तरंगता गोळा कोणी तपासावा, याची एक वही असावी व ती दर वर्षीं नव्या वर्गाच्या हवालीं व्हावी. टाकीच्या भिंतीला सिमेंट लागतें, तसा टाकीच्या आयुष्याला या वहीचा आधार लागतो. अशी वही ज्या कॉलेजांत चालेल, तेथील मुलें पदवीबरोबर आणखी एक विद्या घेऊन घरीं परततील. आणि पाचोडच्या परिसरांत तिचा उपयोग करावयास छपरें पुष्कळ आहेत.