खोलीवरून नाव

टेबलावरच्या संगणकाला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. सेकंदाला अब्जावधी हिशेब करणारं हे यंत्र, पण आपल्याला ग्रंथालयात ठेवलंय की तळघरातल्या प्रयोगशाळेत, ते त्याला सांगता येत नाही. त्यात जीपीएस नसतं, दारावरची पाटी त्याला वाचता येत नाही. तरीही वीस-पंचवीस ओळींची एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहून ठेवली, की तोच संगणक सुरू होता होता आपली खोली ओळखतो आणि त्या खोलीचं नाव स्वतःला लावून घेतो. माणसाचा हात लागत नाही. खोलीची ही माहिती त्याच्यापर्यंत पोचते कशी, यातच या साध्या कामाचं सगळं सौंदर्य आहे.

आधी गरज कुठून आली ते पाहू. मोठ्या लॅबमध्ये पन्नास-साठ संगणक एकदम येतात, तेव्हा प्रत्येकावर वेगवेगळं सॉफ्टवेअर चढवत कोणी बसत नाही. एक संगणक नीट तयार करतात, त्याच्या डिस्कची प्रत काढतात आणि ती उरलेल्या सगळ्यांवर उतरवतात. प्रतीबरोबर नावही उतरतं. सगळे संगणक एकाच नावाने जागे होतात.

मॅकवर आणि लिनक्सच्या अनेक प्रकारांत पुढे जे घडतं, ते फार देखणं आहे. तिथे मल्टिकास्ट डीएनएस नावाची पद्धत चालते. अ‍ॅपलने ती २००२ साली मॅकवर आणली आणि आज ती बॉनजूर या नावाने ओळखली जाते. नाव घेण्याआधी संगणक आसपासच्या सगळ्या यंत्रांना विचारतो, ‘हे नाव कोणाचं आहे का?’ पाव-पाव सेकंदाच्या अंतराने असं तीनदा विचारतो. कोणी बोललं नाही, तर नाव त्याचं. ‘माझं आहे’ असं उत्तर आलं, तर तो मुकाट्याने नावापुढे २ लावतो आणि पुन्हा तीनदा विचारतो. मग ३, मग ४. मध्ये कोणी मुख्य सर्व्हर नाही, वाटप करणारा अधिकारी नाही. शेजाऱ्यांना विचारून साठ यंत्रं आपापसात साठ नावं वाटून घेतात.

पण हे आकडे पडतात ते कोण आधी सुरू झालं त्यावर. ‘१७’ नावाचा संगणक सोळा आणि अठराच्या मधोमध असेलच असं नाही. ‘सतरा नंबर बंद पडलाय’ अशी तक्रार आली, की लॅब सांभाळणाऱ्याने कुठल्या टेबलाकडे धावायचं? एकमेकांपासून वेगळं असणं एवढ्यावर संगणकांचं भागतं. माणसाला मात्र नावातून जागा कळायला हवी असते.

अमेरिकेतल्या एमआयटीने हे फार लवकर ओळखलं. १९८३ साली तिथे अथीना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थी कॅम्पसमधल्या कुठल्याही संगणकासमोर बसला, तरी त्याच्या फायली तिथे त्याच्यापुढे हजर व्हायच्या, असा तो प्रकल्प. कर्बेरोस आणि एक्स विंडो या आजही वापरात असलेल्या प्रणाली तिथेच जन्मल्या. त्या संगणकांची नावं ‘डब्ल्यू२०-५७५’ अशी सुरू होत आणि शेवटी आसनाचा आकडा येई. डब्ल्यू२० म्हणजे विद्यार्थी केंद्राची इमारत, ५७५ ही तिच्या पाचव्या मजल्यावरची खोली. नाव वाचलं की पाय आपोआप तिकडे वळावेत, इतकं ते सरळ होतं. ६६ क्रमांकाच्या इमारतीतल्या ०८० खोलीतल्या संगणकांची नावं मात्र ‘एम६६-०८०’ अशी सुरू होत. इंटरनेटच्या १९८५ सालच्या नियमाप्रमाणे यंत्राचं नाव अक्षरानेच सुरू व्हायला हवं होतं, नुसत्या आकड्याने नाही.

आता मूळ प्रश्न. खोलीची बातमी यंत्राला लागते कशी?

नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता नसतो. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, हेही त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असं लिहून आरोळी ठोकतो, ‘मला कोणी पत्ता देईल का?’ ही आरोळी त्याच्या भागाबाहेर जात नाही. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर बहुतेक वेळा दुसऱ्याच इमारतीत असतो. मध्ये असतो त्या भागाचा राउटर. तो आरोळी ऐकतो, तिची चिठ्ठी करून सर्व्हरकडे पाठवतो, आणि पाठवताना चिठ्ठीच्या एका ठरलेल्या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहितो. पत्रावर ज्या गावी ते टाकलं तिथल्या पोस्टाचा शिक्का बसावा, तसंच हे. सर्व्हर तो शिक्का पाहून ठरवतो, की ही मागणी दुसऱ्या मजल्याच्या पश्चिम भागातून आली आहे, आणि त्या भागासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतला एक पत्ता देतो.

मला इथे थांबावंसं वाटतं. यंत्राने जागा विचारलीच नव्हती. त्याने फक्त पत्ता मागितला. पण मिळालेल्या पत्त्यात त्याची जागा आधीच भरलेली आहे. १०.२०.३.४७ असा पत्ता मिळाला आणि नेटवर्क आखणाऱ्याने तिसरा आकडा खोलीसाठी ठेवला असेल, तर त्या ‘३’मध्ये अख्खी खोली आहे. यंत्राकडे उत्तर आलेलं असतं. ते वाचून दाखवणारं कोणीतरी हवं, आणि तेवढंच काम स्क्रिप्ट करते.

स्क्रिप्टची चाल अशी. पहिल्या ओळीत ती यंत्राला त्याचा आयपी पत्ता विचारते. मग पत्त्याचा नमुना एकेका ओळीशी ताडून पाहते: १०.२०.३ने सुरू होत असेल तर ‘ग्रंथालय’, १०.२०.४ असेल तर ‘भौतिकशास्त्र’, १०.२०.५ असेल तर ‘कार्यालय’. या ताडणीसाठी शेलमध्ये, म्हणजे या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘केस’ नावाची रचना आहे. ती ‘केस’ने उघडते आणि त्याच शब्दाची अक्षरं उलटी करून ‘एसॅक’ने बंद होते. बेल लॅब्जमध्ये स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल १९७९च्या युनिक्सबरोबर बाहेर पडला, तेव्हापासून ही रचना आहे. त्याआधी केंब्रिजला त्यांनी अल्गोल ६८ या भाषेवर काम केलं होतं आणि ही ढब तिथून आली. आज एखाद्या शाळेच्या लॅबमधला लिनक्स संगणक आपलं नाव ठरवतो, तेव्हा तो त्याच वळणाच्या ओळी वाचत असतो.

खोली कळली, तरी एका खोलीत तीस यंत्रं असतात. म्हणून स्क्रिप्ट यंत्राच्या अनुक्रमांकाची शेवटची चार-सहा अक्षरं घेऊन नावाला जोडते. अनुक्रमांक कारखान्यातच ठरतो, प्रतीबरोबर तो उतरत नाही. जागा नेटवर्ककडून आणि ओळख कारखान्याकडून, असं ते नाव तयार होतं. शेवटी ते बसवायचं. लिनक्सवर त्यासाठी होस्टनेमसीटीएल ही एक आज्ञा पुरते. मॅकवर मात्र एकाच यंत्राला तीन नावं असतात: माणसांना दिसणारं, शेजारच्या यंत्रांना दिसणारं आणि टर्मिनलमध्ये दिसणारं. एससीयूटिल ही आज्ञा तीनदा चालवून तिन्ही बदलावी लागतात. एक विसरलं, की वेगवेगळ्या यादीत तेच यंत्र वेगवेगळ्या नावाने दिसतं आणि शोधणारा चक्रावतो.

चांगली स्क्रिप्ट ओळखायची, तर ती काय करत नाही ते बघावं. यंत्र सुरू झाल्याच्या पहिल्या काही क्षणांत पत्ता आलेलाच नसतो. घाईची स्क्रिप्ट तिथेच चुकीचं नाव ठोकून मोकळी होते, शहाणी स्क्रिप्ट थोडी थांबते आणि पुन्हा विचारते. यादीत नसलेला पत्ता दिसला तर नावाला हात लावत नाही. नाव आधीच बरोबर असेल तरीही काही करत नाही. त्यामुळे ती रोज चालवली तरी बिघडत काही नाही.

नावाच्या लांबीतही एक खाच आहे. विंडोजच्या नेटबायोस या जुन्या पद्धतीत नावाला पंधराच अक्षरं मिळतात. सोळावी जागा ते यंत्र कुठली सेवा देतं, हे सांगण्यासाठी राखीव असते. ‘मध्यवर्ती ग्रंथालय दुसरा मजला’ असं इंग्रजी अक्षरांत लांबलचक लिहून शेवटी आकडा टाकला, तर आकड्याआधीच पंधरा अक्षरं संपतात आणि सगळी यंत्रं पुन्हा एकाच नावाची होतात. म्हणून अनुभवी माणसं खोलीसाठी तीन-चार अक्षरांची खूण ठेवतात.

आणि देवनागरी? मॅकवर माणसांना दिसणारं नाव खुशाल मराठीत ठेवता येतं. नेटवर्कवरच्या नावाला मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं. २०१४पासून मिळणारा ‘.भारत’ हा शेवट मराठीतही वापरता येतो, पण तारेवरून जाताना त्याचंसुद्धा ‘एक्सएन’ने सुरू होणारं इंग्रजी अक्षरांचं रूप होतं. ही मर्यादा आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळातली आहे. तेव्हा साऱ्या नेटवर्कमधल्या यंत्रांची नावं एकाच फायलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं, की त्यांना कळवायचं. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसची रचना मांडली आणि त्या एका फायलीवरचा भार जगभर वाटला गेला.

पत्त्यावरून खोली कळते, टेबल कळत नाही. तेही कळू शकतं. एलएलडीपी नावाच्या पद्धतीत स्विच, म्हणजे खोलीतल्या यंत्रांच्या तारा जिथे जोडलेल्या असतात ती पेटी, प्रत्येक तारेवर साधारण दर तीस सेकंदांनी आपलं नाव आणि त्या तारेच्या पोर्टचा क्रमांक सांगत राहतो. कोणी ऐको न ऐको, तो सांगतच असतो. कुठल्या पोर्टची तार कुठल्या टेबलापर्यंत जाते याची वही असेल, तर स्क्रिप्ट ते ऐकून यंत्राला टेबलाचं नाव देऊ शकते. यंत्र उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवा, तिथली तार जोडा, स्क्रिप्ट पुन्हा चालली की नाव बदललेलं. मला हे मोठं विलक्षण वाटतं.

लॅपटॉपला मात्र जागेचं नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सकाळी कार्यालयात, दुपारी विमानतळावर आणि रात्री घरी असतो. पत्ता मागताना बहुतेक यंत्रं आपलं नावही सांगतात, त्यामुळे कार्यालयाचं आणि विभागाचं नाव परक्या वायफायवर उघडं पडतं. या धोक्याबद्दल इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली स्वतंत्र दस्तऐवजच काढला. शिवाय सुरक्षेची प्रमाणपत्रं आणि कार्यालयाच्या डोमेनमधलं खातं नावाला बांधलेलं असतं. नाव सतत बदललं, तर तो विश्वास तुटतो. खोलीचं नाव शोभतं ते एका जागी राहणाऱ्या यंत्राला.

तुमच्यासमोर संगणक असेल तर हे आत्ता करून पाहा. टर्मिनल उघडा, ‘होस्टनेम’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि यंत्राला काय नाव आहे ते वाचा. मग विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ किंवा लिनक्सवर ‘आयपी अ‍ॅडर’ चालवून त्याचा पत्ता पाहा. दुसऱ्या मजल्यावरच्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या सहकाऱ्यालाही त्याचा पत्ता विचारा आणि कुठला आकडा बदलला ते बघा. अशा लिहिल्या तर या आज्ञा फक्त वाचतात, बदलत काहीच नाहीत.