कान झाकून बसणारी लेकरे आणि आपले फटाके

दिवाळी आली, लग्नसराई आली, क्रिकेटची मॅच जिंकली किंवा निवडणुकीचा निकाल लागला, की आपल्या चाळीत आणि वस्तीत फटाके वाजू लागतात. पोरे गल्लीत धावतात. त्याच वेळी एखाद्या घरात एखादे मूल दोन्ही हातांनी कान दाबून खाटेखाली शिरलेले असते, घामाने भिजलेले असते, रडून रडून त्याचा आवाज बसलेला असतो. आईला काय करावे ते समजत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, "भित्रं आहे." सासू म्हणते, "तूच लाडावून ठेवलंस." आणि कोणी तरी हमखास म्हणते, "दोन दिवस फटाक्यात उभं करा, आपोआप धीट होईल."

कुटुंबाच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की, या तिन्ही वाक्यांत त्या लेकराचे दुखणे कुठेच नाही. म्हणून आम्ही या विषयावरची माहिती साध्या भाषेत येथे देत आहोत.

हे भित्रेपण नव्हे

अचानक मोठा आवाज झाला की तान्हे बाळ दचकते. ही निसर्गाची रीत आहे. बहुतेक मुले चार-पाच वर्षांची होईपर्यंत आवाज ओळखू लागतात आणि भीती कमी होते. परंतु काही मुलांच्या बाबतीत तसे होत नाही. त्यांचा कान आवाज घेतो, पण मेंदूला तो आवाज आवरता येत नाही. आपल्याला जो आवाज फक्त मोठा वाटतो, तो त्यांना अंगावर येतो, दुखतो.

स्वमग्न मुलांत, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात त्या मुलांत, हे पुष्कळदा आढळते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची पहिली सविस्तर नोंद केली. मोठे आवाज या मुलांना किती घाबरवतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. पुढे २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानाच्या ग्रंथात आवाज, स्पर्श, उजेड यांचा अति त्रास होणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांत धरले. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कान झाकणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे नाही. कानाच्या दुखण्यानंतर किंवा नुसत्या स्वभावानेही काही मुलांना आवाज सोसत नाही.

पुष्कळ आईबाप विचारतात, "हा स्वतः टीव्ही मोठ्याने लावतो, डबे वाजवतो, मग फटाक्यालाच काय होतं?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सोपे आहे. टीव्हीचे बटण त्याच्या हातात असते. डबा केव्हा वाजणार हे त्याला ठाऊक असते. फटाका केव्हा फुटेल हे त्याला ठाऊक नसते आणि तो थांबवणे त्याच्या हातात नसते. त्रास आवाजाचा आहे, तसाच तो अवचितपणाचाही आहे. हे एकदा समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

आपली गल्ली आणि चार मीटर

फटाक्याच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. १९९९ साली केंद्र सरकारने नियम केला, की फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवू नये, विकू नये, वाजवू नये. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे गणित आपल्या बेरजेसारखे नसते. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते.

आता ४ मीटर म्हणजे सुमारे १३ फूट. आपल्या किती गल्ल्या १३ फूट रुंद आहेत? दारासमोर फटाका लावला तर दहा बाय दहाच्या खोलीतले मूल त्या ४ मीटरच्या आतच असते. वर पत्रा, समोर भिंत, आवाज बाहेर जायला वाट नाही. बंगल्यातल्या मुलाला कायद्याने जे अंतर दिले, ते आपल्या लेकराच्या वाट्याला येतच नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या वस्तीत जास्त जाचक आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ४ मीटरवर १२५ असेल तर ८ मीटरवर ११९, १६ मीटरवर ११३ आणि ३२ मीटरवर १०७. तेव्हा लेकराला आवाजापासून दूर नेणे हा बिनपैशाचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

आधीची तयारी

१. मुलाला आधी सांगावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फटाक्यांच्या दिवसांना खूण करावी. "आज रात्री आवाज होणार, मग थांबणार, मग आपण जेवणार," असा क्रम सांगावा. ज्या मुलाला बोललेले नीट कळत नाही, त्याला चित्रे काढून दाखवावीत.

२. महिनाभर आधी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून ऐकवावा. आवाज वाढवण्या-कमी करण्याचे आणि बंद करण्याचे बटण मुलाच्याच हातात द्यावे. दोन मिनिटे पुरे. ते नको म्हणाले की तिथेच थांबावे.

३. लांबचे रॉकेट गच्चीवरून दाखवावे. उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो, कारण आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. एक किलोमीटरवरचा आवाज पोचायला तीन सेकंद लागतात. "उजेड दिसला, आता एक, दोन, तीन मोज," असे शिकवले की अवचितपणा जातो. कित्येक मुलांना हा खेळ आवडतो.

४. घरातली सर्वांत आतली जागा ठरवावी. खिडकीला जाड गोधडी लावावी, तिथे अंथरूण, पाणी, आवडते खेळणे ठेवावे. घर एकाच खोलीचे असेल तर कपाटामागचा कोपरा चालेल. शांत ठिकाणी मावशी, आत्या राहत असेल तर त्या रात्री तिथे जावे. यात कमीपणा काही नाही.

कानाला काय लावावे

कापसाचा बोळा किंवा कानटोपी यांनी फारसा आवाज अडत नाही. कानात तेल घालू नये. प्रेस शॉपमध्ये किंवा लूमवर काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी कानावर घट्ट बसणारे इअरमफ पाहिले असतील. तसेच लहान मापाचे इअरमफ मुलांसाठी मिळतात. त्यांनी साधारण २० ते ३० डेसिबल आवाज कमी होतो आणि नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो. कानात खुपसायचे बुच लहान मुलांना देऊ नये, ते तोंडात घालून घशात अडकू शकतात.

इअरमफ सणाच्या आधी आठ दिवस घरात खेळताखेळता घालायची सवय करावी. ऐन वेळी डोक्यावर चढवले तर मूल फेकून देईल. मात्र दिवसभर, रोजच्या रोज ते घालून ठेवू नये. कानाला शांततेची फार सवय झाली की साधे आवाजही टोचू लागतात.

प्रत्यक्ष आवाज सुरू झाल्यावर

कानावरचे हात ओढून काढू नयेत. ते त्याने स्वतः शोधलेले औषध आहे. रागावू नये, हसू नये, दहा जणांनी भोवती जमू नये. घट्ट मिठी आवडत असेल तर मिठीत घ्यावे, नसेल आवडत तर नुसते जवळ बसावे. बोलणे थोडे आणि संथ असावे. "मी आहे. आवाज थांबेल." एवढे पुरते. बाहेर असाल तर आधीच एक खूण ठरवावी. मुलाने खूण केली की वाद न घालता तिथून निघावे. निघता येते याची खात्री असलेले मूल जास्त वेळ थांबते.

फटाक्यात उभे करून धीट करणे हा प्रकार तर बंदच करावा. त्याने भीती मोडत नाही, पक्की होते, आणि आईबापावरचा विश्वास मात्र मोडतो.

घरातल्या दुसऱ्या मुलांवरही अन्याय नको. एकाने लहानग्याजवळ थांबावे, दुसऱ्याने मोठ्यांना मैदानात न्यावे. पुढच्या वेळी पाळी बदलावी. हे काम दर वेळी आईच्याच गळ्यात पडू नये, हे पुरुषवर्गाने ध्यानात घ्यावे. फुलबाजी, भुईचक्र, झाड यांचा आवाज कमी असतो. अंतरावरून ती पाहायला काही मुले आनंदाने येतात.

अंगारा नको, तपासणी करा

असे मूल पाहून अजूनही काही घरांत बाहेरचे लागले म्हणतात, अंगारा लावतात, गंडेदोरे बांधतात. त्यात पैसा जातो आणि मोलाची वर्षे जातात. मूल आवाजाने फार त्रासत असेल, शिवाय नावाने हाक मारली तरी बघत नसेल, बोलणे उशिरा येत असेल, एकटेच एकच खेळ खेळत असेल, तर आधी कानाची तपासणी करावी आणि मग बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ पासून कान व वाचेच्या प्रश्नांवर काम करते.

१९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत आणि त्यांत स्वमग्नता आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला काढायला लाजू नये. तो शिक्का नसून हक्काचा कागद आहे.

वस्तीचे कर्तव्य

एकट्या आईने किती गोधड्या लावायच्या? अर्धे काम वस्तीने करायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवण्यास मनाई केली. २०१८ साली दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इटलीत पार्माजवळच्या कोलेक्कियो गावाने तर २०१५ साली कमी आवाजाचेच फटाके वापरण्याचा नियम केला. शोभा राहते, धमाका जातो.

हे नियम दुसऱ्यांच्या मिरवणुकीला लावायचे आणि आपल्याला सोडून द्यायचे, असे चालणार नाही. १३ एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला आपणही माळा लावतो. डीजेच्या भिंती आपल्याही वस्तीत उभ्या राहतात. बाबासाहेबांची जयंती ही त्या कान झाकणाऱ्या लेकराचीही जयंती आहे. पुतळ्याला फूल वाहण्याचा त्याचा अधिकार तुमच्या-आमच्याइतकाच आहे, आणि आपण तो अधिकार आवाजाने हिरावून घेतो.

म्हणून मंडळांना आमच्या चार साध्या सूचना आहेत. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ फळ्यावर आधी लिहावी. फटाके गल्लीत न लावता मैदानात, ठरल्या वेळी लावावेत. असे मूल, आजारी माणूस किंवा बाळंतीण असलेल्या घरासमोर वाद्य बंद ठेवून पुढे जावे. आणि १४ एप्रिलला सकाळी, लाऊडस्पीकर सुरू होण्याआधीचा एक तास अशा मुलांसाठी व वृद्धांसाठी राखावा. त्या तासाला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, फक्त कार्यकर्त्यांनी लवकर उठावे लागते.

माता-भगिनींनो, आपले मूल आवाजाला घाबरते हे लपवू नका. मंडळाच्या पुढच्या बैठकीला जा आणि उभे राहून सांगा. आपल्या माणसांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर ती ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.