परातीतले मिठागर

मराठीच्या प्राध्यापकाने विज्ञानाच्या शिकवणीच्या वाटेला जाऊ नये, हा धडा मला गेल्या दिवाळीत सफाळ्याला मिळाला. ताईकडे गेलो होतो. सहावीतला भाचा ओसरीवर बसून 'मिश्रण' आणि 'द्रावण' यांच्या व्याख्या घोकत होता. मी उत्साहाने पुढे सरसावलो आणि त्याला सांगितले की, 'द्रावण' शब्दाच्या पोटात 'द्रु' हा धातू आहे. द्रु म्हणजे धावणे, वाहणे. पोराने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे मामा, पण आईचा चिवडा यांतला कोणता?"

निकाल स्वयंपाकघरातून आला. "चिवड्यातले दाणे वेचून खातोस ना? मग ते मिश्रण. आता पाकातली साखर वेचून दाखव बघू!"

मग आम्ही दोघांनी ताईच्या ओट्याचाच एक कोपरा बळकावला. 100 मिलिलिटर पाण्यात काट्यावर तोलून मीठ घालत गेलो. 36 ग्रॅमच्या सुमारास पाण्याने हात टेकले. पुढचे मीठ तळाशी बसू लागले. साखरेचा जीव मोठा! तेवढ्याच पाण्यात ती 200 ग्रॅमपर्यंत सामावली. ढवळून ढवळून हात मात्र भरून आले. पाणी उकळते असले तर साखर याच्या दुपटीहून जास्त विरघळते. मीठ 39 ग्रॅमच्या आसपासच हटून बसते. लाडवांचा पाक गार होताना साखरतो तो यामुळेच. जाणत्या गृहिणी त्यात लिंबू पिळतात. आंबटाने थोड्या साखरेचे रूप बदलते आणि खडे जमायला अडथळा होतो.

दूध घातलेले पाणी म्हणजे द्रावण, असे भाच्याचे ठाम मत होते. अंधारात बॅटरीचा झोत टाकला. साखरेच्या पाण्यातून तो मागमूस न ठेवता पार गेला. दुधाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात त्याची वाट लख्ख उजळली. दुधातले स्निग्ध कण विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. (उरलेले दूध आमच्या धांदलीत सांडले, त्याचे ताईला झालेले दुःख निराळे.)

हे सारे पाहत शेजारची मुलगी दाराशी उभी होती. सातवीतली, वडील मिठागरावर कामाला. "पाण्यातलं मीठ परत कसं मिळवायचं?" मी विचारले. "उन्हात ठेवायचं," ती चटकन म्हणाली आणि लगेच ओशाळली. मागाहून ताईने सांगितले की, चाचणीत तिने हेच उत्तर लिहिले होते. 'बाष्पीभवन' हा शब्द नाही म्हणून शून्य मिळाले. शाळा कोणती, ते सोडून द्या. राग आला तो मला स्वतःचाच. कवितेतले मर्म अचूक हेरलेल्या किती मुलांचे गुण, 'उत्प्रेक्षा' हा शब्द लिहिला नाही म्हणून, मी कापले असतील!

आणि हे याच जिल्ह्यात! ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह ते काम वाढवले. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तिथे शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. या मुलीच्या हाताशी तर अख्खा समुद्र होता.

धनत्रयोदशीला आम्ही केळव्याच्या किनाऱ्यावरून लिटरभर पाणी आणले. फडक्यातून गाळले तेव्हा वाळू वर राहिली, खारटपणा मात्र खाली उतरला. भाच्याला मिश्रण आणि द्रावण यांतला भेद तिथेच उमगला, असे मला वाटते. पाणी परातीत ओतून गच्चीवर ठेवले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी आटून दहावा भाग उरले की मीठ धरू लागते. मिठागरात भरतीचे पाणी एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडून दाट करीत नेतात, ते याचसाठी. हे मला त्या मुलीने समजावले. आकडे तेवढे माझे.

भाऊबिजेला पाहतो तो परातीत पांढरे चौकोनी खडे जमलेले, मध्ये चमचाभर पाणी. "हेही सुकू दे," भाचा म्हणाला. तिने त्याचे न ऐकता परात कलती केली.

"ते टाकायचं असतं. कडू असतं. राहिलं तर मीठ ओलं राहतं."

मी बोट बुडवून चाखले. खरोखरच कडू होते! मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात टिकून राहतात आणि मागाहून हवेतला ओलावा ओढून घेतात.

भाचा वही घेऊन बसला. "मामा, 'कडू पाणी' लिहू, की दुसरा काही शब्द आहे?"

"कडू पाणीच लिही," मी म्हणालो.