पुनरागमनाची वाट पाहणारे लोक



ज्याला आरंभ आहे त्याला अंत आहे, हा विचार आपणांपैकीं कोणासही नवा नाहीं. आपल्या पुराणांत कलियुगाचा शेवट सांगितला आहे, प्रलय सांगितला आहे, आणि प्रलयानंतर पुन्हां नवी सृष्टि, पुन्हां कृतयुग, असें चक्रही सांगितलें आहे. ख्रिस्ती धर्माचा कालविचार चक्राकार नाहीं. तो नदीसारखा आहे. एका उगमापासून निघाला तो एकाच मुखाकडे वाहत जाणार. सृष्टीची उत्पत्ति एकदांच झाली आणि या जगाचा न्यायही एकदांच होणार. हा भेद लक्षांत घेतल्यावांचून ख्रिस्ती माणसें अंतकाळाविषयीं इतक्या आस्थेनें कां बोलतात, आणि त्यांतलीं कांहीं मधून मधून गोंधळून कां जातात, हें उमजत नाहीं. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ श्रद्धा काय आहे तें पाहूं. इ. स. ३२५ मध्यें निकाया येथें धर्मसभा भरली, आणि ३८१ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें दुसरी भरली. या दोन सभांच्या नांवानें जो विश्वासांगीकार आजही चर्चमधून म्हटला जातो, त्यांत ख्रिस्त जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करण्यासाठीं पुन्हां येईल, मेलेलीं माणसें उठविलीं जातील आणि त्याच्या राज्यास अंत असणार नाहीं, असा आशय आहे. रोमन कॅथलिक, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या यांचें एवढ्यावर एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते क्रमाविषयीं. नव्या कराराच्या शेवटीं ‘प्रकटीकरण’ नांवाचें पुस्तक आहे. पात्म बेटावर असतांना योहानाला झालेलें दर्शन त्यांत सांगितलें आहे, आणि त्याच्या विसाव्या अध्यायांत ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. ख्रिस्त त्या हजार वर्षांच्या आधीं येणार कीं नंतर, कीं ‘हजार’ ही संख्याच केवळ अलंकारिक, यावर तीन पक्ष आहेत. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यानें तिसऱ्या मताला बळ दिलें आणि पश्चिमेकडील चर्चमध्यें पुष्कळ शतकें तेंच रूढ राहिलें. या वादांत मी शिरत नाहीं. त्यावर ग्रंथसंग्रहालयें भरलीं आहेत आणि निकाल लागलेला नाहीं.

एक शब्द मात्र सांगण्याजोगा आहे. ज्या ग्रीक शब्दाचें भाषांतर ‘प्रकटीकरण’ असें होतें, त्याचा मूळ अर्थ पडदा दूर सारणें, झांकलेलें उघडें करणें. जगाची राखरांगोळी असा नव्हे. तसेंच ख्रिस्ताच्या येण्यासाठीं जो ‘पारूसिया’ हा शब्द योजिला आहे, तो त्या काळीं राजाची स्वारी एखाद्या नगरास भेट देई त्या प्रसंगास लावीत. राजा येणार म्हटलें कीं रस्ते दुरुस्त होत, वेशीशीं लोक सामोरे जात. भय असे तें ज्यांनीं कारभारांत घोटाळे केले त्यांस. इतरांना तो सणच.

आतां कठीण प्रश्न. तो दिवस कोणता? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायांत याचें उत्तर इतकें स्पष्ट आहे कीं त्यावर टीकेची गरज पडूं नये. तो दिवस आणि ती घटका केवळ पित्याला ठाऊक. देवदूतांना नाहीं, पुत्रालाही नाहीं. इतकें असूनही गणितें मांडणारे निघालेच. त्यांत सर्वांत शिकण्याजोगी कथा अमेरिकेंतील विल्यम मिलर याची आहे.

हा मनुष्य १७८२ मध्यें जन्मला. न्यूयॉर्क राज्यांतील लो हॅम्प्टन येथील हा शेतकरी १८१२ च्या युद्धांत कप्तान होता. भोंदू खास नव्हे. तरुणपणीं त्याचा बायबलवर विश्वास नव्हता. पुढें बसला तेव्हां त्यानें एकेक ओळ ताडून तें वाचावयास घेतलें. दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत २३०० दिवसांचा उल्लेख आहे. दिवस म्हणजे वर्ष, असा अर्थ त्यानें घेतला, आणि इराणच्या अर्तहशश्त राजानें एज्राला यरुशलेमेस जाण्याची आज्ञा दिली तें ख्रिस्तपूर्व ४५७ हें वर्ष आरंभ धरलें. २३०० मधून ४५७ वजा केले, उत्तर आलें १८४३. येथें मी जुना मास्तर या नात्यानें फळ्याजवळ जातों. ख्रिस्तपूर्व १ या वर्षानंतर लगेच इ. स. १ येतें; मध्यें शून्य नांवाचें वर्ष नाहीं. म्हणून वजाबाकी बरोबर असली तरी उत्तर एका वर्षानें चुकतें; तें १८४४ असावयास पाहिजे. ही गोष्ट पुढें मिलरच्या मंडळींच्याही ध्यानांत आली.

१८३१ पासून मिलर व्याख्यानें देऊं लागला. बॉस्टनचे जोशुआ हाइम्स यांनीं १८४० मध्यें वर्तमानपत्र काढलें, तक्ते छापले, मोठमोठ्या सभा भरविल्या, आणि हजारों लोक जमूं लागले. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षांत ख्रिस्त येईल, असें मिलरचें म्हणणें होतें. तें वर्ष सरलें. मग सॅम्युएल स्नो नांवाच्या दुसऱ्या एका उपदेशकानें यहुदी पंचांगांतील प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आधार घेऊन २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस काढला, आणि मिलरनेंही अखेरीस तो मान्य केला. कित्येकांनीं शेतांतलें पीक काढलें नाहीं. पीक काढणें म्हणजे अविश्वास दाखविणें असें त्यांना वाटलें. कोणी दुकानें बंद केलीं, कोणी देणीं फेडून हात मोकळे केले. लोक शुभ्र झगे घालून छपरांवर बसले होते, अशा थट्टेच्या गोष्टी पुढें पुष्कळ पसरल्या, परंतु संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां त्यांना भक्कम पुरावा मिळाला नाहीं. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि उजाडलें. उजाडेपर्यंत आपण रडत होतों, असें त्यांतल्या एकानें लिहून ठेवलें आहे. या प्रसंगाला इतिहासांत ‘महानिराशा’ हें नांव पडलें. मला त्या लोकांना हंसावेंसें वाटत नाहीं. शेजाऱ्यांचीं मुलें रस्त्यांतून ओरडून विचारीत असतील, “अजून गेलां नाहीं काय?” आणि पीक कुजलेल्या शेताकडे त्या माणसांना पुन्हां जावें लागलें असेल.

मिलरनें आपली गणना चुकली हें कबूल केलें. आशा सोडली नाहीं. १८४९ मध्यें तो वारला. त्याचे अनुयायी पांगले, त्यांतल्या एका गटानें दिवस खरा, पण त्या दिवशीं घडलें तें पृथ्वीवर नव्हे, स्वर्गांत, असें मत मांडलें. १८६३ मध्यें या गटाची ‘सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट’ ही संघटित मंडळी झाली. पुण्यास औंध भागांत स्पायसर नांवाची जी शिक्षणसंस्था आहे, ती याच पंथाची. ज्यांनीं एकदां उद्यांचा दिवस उजाडणारच नाहीं असें मानिलें, त्यांच्या वारसांनीं पुढें जगभर शाळा आणि रुग्णालयें उभारलीं, ही गोष्ट मला त्या १८४४ च्या गणितापेक्षां अधिक विचार करण्यासारखी वाटते.

तिथि काढण्याची हौस तेवढ्यानें संपली नाहीं. अमेरिकेंतच हॅरोल्ड कॅम्पिंग हे मूळचे अभियंते नभोवाणीवरून उपदेश करीत. त्यांनीं २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला, तो टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितला, आणि दुसऱ्या वर्षीं आपली चूक झाली हें कबूल केलें. दरम्यान कांहीं श्रोत्यांनीं आयुष्याची पुंजी जाहिरातफलकांवर खर्च केली होती. नभोवाणीवर बोलणाऱ्यानें हें उदाहरण विसरूं नये. पुढच्याच वर्षीं, २०१२ च्या डिसेंबरांत, मेक्सिकोकडील प्राचीन माया लोकांच्या पंचांगाच्या नांवानें जगबुडीची आवई उठली. त्या पंचांगाचा ख्रिस्ती श्रद्धेशीं कांहीं संबंध नव्हता, पण भीति तीच. माझ्या वर्गांतील एका मुलीनें मधल्या सुटींत हळूच विचारलें, “गुरुजी, मग अभ्यास करूं कीं नको?” मीं सांगितलें, “करावा. सोमवारीं तपासणार आहें.” ती सोमवारीं वही घेऊन आली.

ही शंका जुनी आहे. इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका नगरांतील नव्या ख्रिस्ती मंडळींत असेंच झालें. ख्रिस्त लवकर येणार म्हणून कित्येकांनीं कामधंदा सोडला आणि इतरांच्या दारीं जेवूं लागले. संत पौलाच्या नांवानें त्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत अशांना सरळ बजाविलें आहे कीं, ज्याला काम नको त्याला जेवणही नको. पौल स्वतः तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे, हें त्या लोकांना ठाऊक होतें. त्याच मंडळींत दुसरें एक दुःख होतें, तें अधिक हळवें. आपलीं माणसें ख्रिस्त येण्यापूर्वींच मरून गेलीं, तीं त्या सोहळ्यास मुकणार काय? पहिल्या पत्रांत पौलानें त्यांना धीर दिला कीं, मेलेले मागें राहणार नाहींत, उलट तेच आधीं उठतील. अंतकाळाची शिकवण ही मुळांत शोक करणाऱ्यांस दिलेलें सांत्वन होतें. भीति घालण्यासाठीं तिचा उपयोग करणारे हें विसरतात.

मग तयारी म्हणजे काय? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत लागोपाठ तीन चित्रें आहेत. पहिलें दहा कुमारींचें, आणि तें आपणां मराठी लोकांस समजावयास फार सोपें आहे. सीमांतपूजनासाठीं वराकडील मंडळींची वाट पाहत ताटकळत बसलेलें लग्नघर ज्यानें पाहिलें आहे, त्याला तें समजावून सांगावयास नको. दहा जणी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघाल्या. पांच जणींनीं कुपींत जादा तेल घेतलें होतें, पांच जणींनीं घेतलें नव्हतें. वराला उशीर झाला, आणि सगळ्याच जणींना झोंप लागली. ही ओळ घाईनें वाचणारे गाळून जातात. शहाण्या जाग्या राहिल्या आणि मूर्ख झोंपल्या, असें तेथें नाहीं. झोंप दहाही जणींना लागली. दोष झोंपेचा नव्हता. मध्यरात्रीं हांक आली तेव्हां तेल कोणापाशीं आहे, एवढाच प्रश्न उरला.

यावर वाचणारे हटकून विचारतात कीं, शहाण्यांनीं आपल्या तेलांतलें थोडें दिलें असतें तर काय बिघडलें असतें? हा कसला धर्म? शंका वाजवी आहे. पण दृष्टांतांतलें तेल हें वाण्याच्या दुकानांतलें नव्हे. मनाची घडण, वर्षांनुवर्षें केलेली प्रार्थना, क्षमा करण्याची संवय, हीं ऐन घटकेस शेजाऱ्याकडून उसनीं आणतां येत नाहींत. परीक्षेच्या मंडपांत शेजारचा मुलगा पेन्सिल देऊं शकतो, अभ्यास देऊं शकत नाहीं.

दुसरें चित्र धन्यानें परदेशीं जातांना चाकरांपाशीं ठेवलेल्या पैशाचें. एक ‘तालांत’ म्हणजे सुमारें ६००० दिनार, आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी. वर्षांतले ३०० दिवस कामाचे धरले तर मजुराची २० वर्षांची कमाई झाली. ज्यानें एकच तालांत मिळाला म्हणून तो पुरून ठेवला, त्याला मिळालेली रक्कम कांहीं थोडी नव्हती. त्यानें ती उधळली नाहीं, चोरलीही नाहीं. भिऊन जमिनींत घातली. दोष लागला तो त्या भिऊन कांहींच न करण्याला.

तिसऱ्या चित्रांत प्रत्यक्ष न्यायासन मांडलें आहे. आणि तेथें विचारलें काय जातें? भुकेल्याला अन्न दिलें काय, तान्हेल्याला पाणी दिलें काय, परक्याला घरांत घेतलें काय, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. कोणता सिद्धांत मानला, कोणतें साल काढलें, याची तेथें चौकशी नाहीं. मौज अशी कीं, ज्यांनीं हें केलें त्यांना आपण राजाचें कांहीं केलें याचा पत्ताच नव्हता.

कर्तव्यावर असतांना सांपडणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण १७८० मधील आहे. १९ मे रोजीं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत भर दुपारीं अंधार पडला. कोंबडीं खुराड्यांत गेलीं, घरांतून मेणबत्त्या लागल्या. अरण्यांना लागलेल्या आगींचा धूर हें त्याचें कारण होतें, हें आतां मानलें जातें. त्या दिवशीं मात्र पुष्कळांना न्यायाचा दिवसच आला असें वाटलें. कनेटिकटच्या विधिमंडळांत सभा तहकूब करण्याची सूचना आली. अब्राहम डॅव्हनपोर्ट नांवाच्या सभासदानें विरोध केला. त्याच्या बोलण्याचा भाव असा कीं, तो दिवस आला नसेल तर उठण्याचें कारण नाहीं, आणि आला असेल तर मी माझ्या कामावर सांपडावें हें बरें, मेणबत्त्या आणा. आपल्याकडे केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाई हीब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचें सोपें मराठी भाषांतर वर्षांनुवर्षें करीत होत्या. प्रकृति खालावली तरी हातांतलें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या निवर्तल्या त्यापूर्वीं तें पुरें झालें होतें, आणि १९२४ मध्यें तेथल्याच छापखान्यांतून तें बाहेर पडलें.

या तयारीसाठीं चर्चनें वर्षांतला एक काळ राखून ठेवला आहे. त्यास आगमनकाळ म्हणतात. नाताळापूर्वींचे चार रविवार त्यांत येतात आणि पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. बाहेर बाजारांत तोंवर तारे आणि कंदील लागलेले असतात. परंतु वसईच्या एखाद्या चर्चमध्यें त्या पहिल्या रविवारीं कोणी गोठ्यांतल्या बाळाची कथा ऐकावयास गेला, तर त्याच्या कानीं ती पडत नाहीं. त्या दिवशीं वाचलें जातें तें ख्रिस्ताच्या पुन्हां येण्याविषयीं: घरधनी केव्हां येईल हें ठाऊक नाहीं, यास्तव जागे राहा, या आशयाचें. बाळाची कथा तीन-चार आठवड्यांनीं येते. मधल्या दिवसांत कबुलीजबाब देण्यासाठीं लोक रांगेनें उभे राहतात, जुनीं भांडणें मिटविण्याची खटपट होते, गरिबांसाठीं धान्य गोळा केलें जातें, आणि वेदीजवळच्या हिरव्या चक्रांत दर रविवारीं एक याप्रमाणें चार मेणबत्त्या लावल्या जातात. ही मेणबत्त्यांची रीत फार जुनी नाहीं. १८३९ मध्यें हांबुर्ग येथें योहान हिन्रिख विखर्न यानें आपल्या अनाथाश्रमांतील मुलांसाठीं ती सुरू केली. मुलें त्याला रोज विचारीत, नाताळ केव्हां? म्हणून त्यानें त्यांना मोजावयास दिवे दिले.