ऋणाचा हिशेब आणि विश्वासाचा माणूस

धान्याच्या व्यापारात उधारी म्हणजे नित्याची बाब. शेतकरी माल आणतो, अडत्या त्यास उचल देतो, घाऊक व्यापारी पंधरा दिवसांच्या वायद्यावर माल उचलतो व किरकोळ दुकानदार महिन्याच्या. पेढीवर वही उघडली की कोणाचे किती येणे व कोणाचे किती देणे, हे क्षणात सांगता येते. परंतु हाच व्यापारी घरी गेल्यावर स्वतःच्या घरखर्चाचे, लग्नकार्याचे, आजारपणाचे कर्ज कोणत्या वहीत लिहितो? बहुधा कोणत्याही नाही. ते मनात राहते, आणि मनातल्या कर्जावर व्याज फार चढते. स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा बाजारभाव वा करपद्धती हे विषय अधिक जाणत्यांकडे सोपवून मी हा घरगुती विषय निवडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पांडित्य मजपाशी नाही. मात्र एक प्रसंग मजपाशी आहे व त्यात माझाच दोष आहे.

आमच्या अमरगोळ येथील पेढीवर बावीस वर्षे काम केलेले एक दिवाणजी. अक्षर मोत्यासारखे, रोजमेळात एका पैशाची चूक नाही. 2021 च्या उन्हाळ्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, त्यांची पत्नी रुग्णालयात होती. त्यांनी मजकडे 40 हजारांची उचल मागितली. मी 10 हजार हाती ठेवले आणि वर ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असा उपदेश केला. त्या काळात बाजार बंद, येणे थकलेले, हे खरे; पण उपदेश करण्यास पैसे लागत नाहीत म्हणून तो मुक्तहस्ते केला, हेही तितकेच खरे.

दिवाणजी पुन्हा काही बोलले नाहीत. जुलै महिन्यात एके दिवशी पेढीच्या दूरध्वनीवर एक अपरिचित इसम त्यांचे नाव घेऊन अर्वाच्य बोलू लागला. दुसऱ्या दिवशी दोघे, तिसऱ्या दिवशी पाच. दिवाणजी कामावर आले नाहीत. तीन दिवस वाट पाहून मी जुन्या हुबळीत त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेले, घरात दिवा नाही. मला पाहताच ते गृहस्थ उभे राहिले व म्हणाले, “शेटजी, पेढीचा एक पैसाही इकडे-तिकडे झालेला नाही. वह्या तपासून घ्या.” बावीस वर्षांनंतर त्यांस प्रथम हे सांगावेसे वाटले, याची मला जी लाज वाटली ती शब्दांत मांडता येत नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक कोरी वही घेतली व सर्व देणी लिहून काढली. पतसंस्थेचे 80 हजार. सोनेतारणाचे 60 हजार. एका खासगी सावकाराचे 90 हजार, दरमहा शेकडा तीन व्याजाने. दोन नातलगांचे हातउसने मिळून 50 हजार. आणि मोबाईलमधील निरनिराळ्या नऊ ॲपांचे मिळून 62 हजार. एकूण 14 खाती व 3 लाख 42 हजार रुपये. एका ॲपने 5 हजारांचे कर्ज म्हणून प्रत्यक्षात 3,200 हाती दिले व सात दिवसांत 5 हजार मागितले. म्हणजे एका आठवड्यास शेकडा 56 हून अधिक! पहिल्याचे फेडण्यास दुसऱ्याचे, दुसऱ्याचे फेडण्यास तिसऱ्याचे, असे नऊ झाले. नऊ ॲपांकडून प्रत्यक्ष हाती आले 38 हजार, आतापर्यंत फेडले 41 हजार, आणि तरीही मागणी 62 हजारांची. इतरांच्या वहीत चूक शोधणाऱ्या त्या हुशार माणसाने हा हिशेब स्वतःसाठी कधी मांडलाच नव्हता. भीतीपोटी आकडे पाहण्याचे धैर्य होत नाही, हेच त्याचे कारण.

पूर्वी काय घडले

ऋणकोस विश्वासाचा आधार नसला म्हणजे काय होते, हे आपल्या प्रांताने पूर्वी पाहिले आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी हेच घडले. लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती घ्यावेत आणि जाळावेत! त्या सावकारांत बहुतेक मारवाडी व गुजराथी होते. आपल्या व्यापारी समाजाची माणसेही त्यांत होती, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयास रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. कागदावर लिहिलेला आकडा व खरोखर दिलेला पैसा यांत अंतर असते, हे सरकारने तेव्हा मान्य केले. दिवाणजींच्या 3,200 व 5 हजारांत तेच अंतर होते.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1905 साली, गदग तालुक्यातील कणगिनहाळ या लहानशा गावी सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था स्थापन झाली. देशातील अगदी आरंभीच्या कृषी पतसंस्थांत तिची गणना होते. तेव्हा हा सर्व मुलूख धारवाड जिल्ह्यात होता. गदग जिल्हा 1997 साली निराळा झाला. अशा ग्रामीण संस्थांची कल्पना जर्मनीतील राइफायझेन यांच्या कार्यावरून आली. एका गावची माणसे एकमेकांस ओळखतात, कोणाचे कर्ज कशासाठी हे जाणतात व एकमेकांसाठी जबाबदार राहतात, हा तिचा पाया. पैशाबरोबर ओळख व देखरेखही मिळत असे. अर्धी मदत त्या देखरेखीतच होती. ॲपवाला तुमच्या दूरध्वनीतील सर्व नावे ओळखतो, पण तुम्हास ओळखत नाही.

मदत कोठे मिळते

त्या वहीसह आम्ही प्रथम माझ्या परिचयाच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे गेलो व त्यांच्या सल्ल्याने आर्थिक साक्षरता केंद्रात. रिझर्व्ह बँकेने 2009 साली कर्ज-समुपदेशन केंद्रांची आदर्श योजना बँकांस दिली, त्यातून ही केंद्रे वाढली. सल्ला विनामूल्य असतो. आपल्या भागातील केंद्राचा पत्ता जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे मिळतो. हुबळी-धारवाडात इतकी वर्षे व्यापार करून मला त्याची वार्ता नव्हती.

तेथे तीन गोष्टी ठरल्या. पहिली, कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज या क्षणापासून बंद. दुसरी, ज्या ॲपांमागे नोंदणीकृत कंपनीच आढळत नाही, त्यांच्या धमक्यांचे सर्व पुरावे जपून सायबर पोलिसांकडे तक्रार. तिसरी, उरलेल्या देण्यांची क्रमवारी, सर्वांत महाग व्याजाचे प्रथम. सावकाराचे दरमहा 2,700 रुपये केवळ व्याजात जात होते. मुद्दल जागच्या जागी. शेकडा तीन हा आकडा लहान दिसतो, परंतु व्याजावर व्याज धरल्यास वर्षाकाठी तो शेकडा 42 च्या वर जातो. ते 90 हजार मी बिनव्याजी दिले व पगारातून दरमहा 3,500 वळते करण्याचे ठरले. यात उपकार नव्हता. उन्हाळ्यातील 40 हजारांचे ते प्रायश्चित्त होते. पतसंस्थेने अर्ज केल्यावर हप्ता कमी करून मुदत वाढविली. नातलगांस दिवाणजींनी स्वतः जाऊन खरी स्थिती सांगितली. दोघांनीही थांबण्याचे कबूल केले, एकाने तर “आधी का सांगितले नाहीस?” असे विचारले. ॲपांचे फोन महिना-दीड महिना येत राहिले, मग थांबले.

यानंतर कायद्याचे साहाय्यही वाढले आहे. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम केले. त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात जमा व्हावी, वार्षिक खर्चाचा एकूण दर आधी लेखी कळवावा, आणि दूरध्वनीतील नावांची यादी ॲपने पाहू नये. त्याच वर्षाच्या परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारने लहान कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास व 5 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आली. तडजोडीसाठी लोकअदालतीचा मार्गही आहे. तेथे वाद दाखल होण्यापूर्वीही जाता येते.

माणूस कसा पारखावा

धान्याचा नमुना आपण मूठभर घेऊन, चोळून, फुंकून पाहतो. सल्लागारही तसाच पारखावा. जो आरंभीच फी वा कमिशन मागतो, जो ‘तुमचे सर्व कर्ज निम्म्यावर आणतो’ अशी हमी देतो, जो कोऱ्या धनादेशावर सही किंवा मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. जो स्वतःच कर्ज देणार आहे, त्याचा सल्ला सल्ला म्हणून धरू नये. उलट जो सर्व देणी, घरातील उत्पन्न व खर्च प्रथम विचारतो, अप्रिय गोष्टही स्पष्ट सांगतो, ठरलेले लेखी देतो आणि ऐकलेले बाजारात बोलत नाही, तो माणूस शंभर हिशेबनिसांहून मोलाचा. शेवटचा गुण सर्वांत दुर्मीळ. आपल्या बाजारात पत जाण्याचे भय इतके असते, की मनुष्य वैद्यास रोग सांगतो पण मित्रास कर्ज सांगत नाही.

दिवाणजींच्या खात्यावर शेवटचा हप्ता 2,500 रुपयांचा सप्टेंबर 2023 मध्ये जमा झाला. 26 महिने लागले. सोने त्यानंतर काही काळाने सुटले. त्या काळात घरात नवे वस्त्र आले नाही व मुलाचे शिक्षण एक वर्ष लांबले, हेही नमूद केले पाहिजे. कारण कर्जमुक्ती फुकट मिळते असा समज या लेखाने होऊ नये.

आता संघटनेस एक नम्र विनंती. आपल्या पेढ्यांवर शेकडो गुमास्ते, हमाल व तोलारी राबतात. त्यांच्यापैकी, तसेच आपल्यापैकीही, कितीजण रात्री जागे असतील! संघटनेच्या कार्यालयात आठवड्यातून एक तास दोन वडीलधाऱ्या, व्यवहारातून निवृत्त झालेल्या माणसांनी बसावे. त्यांनी पैसे देऊ नयेत; केवळ वही उघडावी, आकडे मांडावेत, योग्य केंद्राचा पत्ता द्यावा व ऐकलेले पोटात ठेवावे. दिवाळीस आपण वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो. यंदा घरच्या देण्यांचीही एक वही घालावी व तिच्या पहिल्या पानावर, ज्यास सर्व काही सांगता येईल अशा एका माणसाचे नाव लिहावे.

दिवाणजी अजून आमच्याच पेढीवर आहेत. गेल्या वर्षी एका तरुण गुमास्त्याने उचल मागितली. मी काही बोलण्यापूर्वी दिवाणजींनी त्यास शेजारी बसविले व विचारले, “आधी सांग, एकूण देणे किती?” मी माझा उपदेश गिळला व पेटीची किल्ली त्यांच्या हाती दिली.